भट्टीच्या दारातली उलटी वीट

"तिसरी भट्टी, आणि पुन्हा सगळ्या भांड्यांना तडे!" मामाने कपाळावर हात मारला.

"जाळ कुणी घातला होता?" मावशी कडाडली.

"आणि झिलई कुणी लावली होती, ताई?"

"पुढच्या भट्टीतही तडे गेले, तर तू तुझ्या वाटेने आणि मी माझ्या!"

मातीच्या गोण्यांआड तीन डोकी एकमेकांवर आदळली. मावशी आणि मामाच्या या कारखान्यात सुट्टी मजेत जाईल म्हणून आलेली ही भावंडं. थोरली कप्तान, मधला चष्मेवाला ढापण्या आणि शेंडेफळ टिकली.

"हा घातपात आहे!" कप्तानने जाहीर केलं. "बाहेरचा कुणीतरी येत असणार. पायांचे ठसे शोधा!"

"कप्तान, सकाळी भट्टीच्या दारातली एक वीट उलटी होती," टिकली म्हणाली. "मामा तर धुराने काळी झालेली बाजू नेहमी आत..."

"तुला काय कळतं गं! जा, पाणी आण."

टिकलीचा चेहरा एवढासा झाला.

ठसे पुष्कळ सापडले. सगळे ढापण्याचेच!

नवी भट्टी लागली. विस्तव विझला. मामाने दार विटांनी बंद केलं. आता भट्टी आपोआप निवेपर्यंत एकही वीट हलवायची नाही. गार वारा आत शिरला, की तापलेली भांडी तडकलीच!

"ताई, या खेपेला जाळ अगदी बेताचा ठेवलाय," मामा म्हणाला.

"तुला काय कळतं! लहानपणापासून धांदरट तो धांदरटच."

मामा एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा अगदी टिकलीसारखा एवढासा झाला. कप्तानला स्वतःचीच लाज वाटली. ती तडक टिकलीकडे गेली.

"माझं चुकलं. ती उलट्या विटेची गोष्ट सांग ना."

टिकलीने सगळं सांगितलं. ढापण्या चष्मा सावरत ओरडला, "म्हणजे दार लावल्यावर कुणीतरी वीट काढून पाहतंय!"

तिघांनी दारासमोरच पत्त्यांचा डाव मांडला. दुपारी मावशी आली. "उठा पाहू, अंगणात खेळा!"

"हा डाव संपू दे ना, मावशी!"

तेवढ्यात दबक्या पावलांनी मामा आला. मावशीला पाहून तो जागीच थबकला. दोघंही भिंती न्याहाळू लागले. जायचं नाव कुणीच घेईना!

"तुम्ही दोघंही वीट काढायला आलात ना?" टिकलीने विचारलं.

मावशी ओशाळली. "जाळ जास्त झाला का, एवढंच बघत होते."

"मी झिलई नीट बसली का, ते बघत होतो..."

"अरे देवा! म्हणजे तूही?"

"म्हणजे तूसुद्धा, ताई?"

एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून दोघांनीही चोरून वारा आत सोडला होता!

त्या दिवशी विटेला कुणी बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या विटा काढल्या, आणि आतली भांडी कशी लखलखीत, अखंड!

"शाबास कप्तान!" मावशी म्हणाली.

"शाबासकी टिकलीला द्या. मी तर तिचं ऐकूनच घेतलं नव्हतं."

मावशीने टिकलीला जवळ घेतलं आणि पाठ थोपटली. मग भावाकडे पाहिलं. "मीही तुझं कधी ऐकून घेतलं नाही रे. जाळ अगदी बेताचा होता."

मामाने एक वाडगा उचलला, उन्हात धरला आणि म्हणाला, "ताई, असा रंग तुझ्याशिवाय कुणाला जमायचा नाही."