फुल्ल स्पीड आणि मालनआजीची गोधडी

“ताई, हत्ती! हत्ती सरकव ना!”

“सरकवतेय गं! पण तो सरकतच नाहीये!”

लॅपटॉपच्या पडद्यावर एक चक्र गरागरा फिरत होतं आणि आकांक्षाचा हत्ती जागचा हलत नव्हता. धाकट्या बहिणीने, मनवाने पडद्यावर फुंकर मारून पाहिली. हत्तीने दाद दिली नाही. घड्याळ मात्र छान चालू होतं. ते शून्यावर आलं आणि जिंकत आलेला डाव आकांक्षा हरली!

परळच्या त्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत एवढी शांतता कधी पसरली नव्हती. शालेय बुद्धिबळाच्या मुंबई संघात एकच जागा उरली होती. रविवारी दुपारचा ऑनलाइन डाव जिंकला, तर ती आकांक्षाची. नेट पुन्हा अडकलं, तर दुसऱ्या कुणाची तरी.

दोघींच्या कुशाबा आजोबांनी इंटरनेटवाल्या राकेशला फोन लावला. आजोबा गिरणीतून निवृत्त झाले असले, तरी त्यांचा आवाज अजून कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटावरून ऐकू जाईल असा होता. खरं म्हणजे फोनची गरज नव्हती.

राकेश संध्याकाळी आला. खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, बटण दाबलं आणि पडदा सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला.

“बघा! फुल्ल स्पीड! काका, लाइन एकदम ओके. तुमचा लॅपटॉप म्हातारा झालाय.”

“म्हातारा मीसुद्धा आहे. बंद पडलो का?” आजोबा गरजले. पण तोवर राकेश जिन्यावर पोचला होता.

“मला पटत नाही,” शेजारचा संघर्ष म्हणाला. तो आठवीत होता आणि कुठलीही गोष्ट सहज न पटणं हा त्याचा जुना आजार होता. “एकदा मोजायचं आणि छाती फुगवायची, ही काय पद्धत झाली? आपण नीट मोजू.”

“नीट म्हणजे कसं रे?” मनवाने विचारलं.

“वायफाय नको. भिंती आडव्या येतात. राउटरची वायर थेट लॅपटॉपला लावायची. त्या वेळी दुसऱ्या कुणी नेट वापरायचं नाही. दोन वेगवेगळ्या साइटवर मोजायचं. आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजायचं.”

यातली ‘दुसऱ्या कुणी’ ही अट अवघड होती. आकांक्षाच्या घरचा पासवर्ड गुप्त होता; म्हणजे तो फक्त त्यांच्या मजल्यालाच ठाऊक होता. पण मनवा गॅलरीतून “पाच मिनिटं वायफाय बंद! ताईच्या डावासाठी!” असं ओरडत गेली आणि अख्ख्या मजल्याने मोबाइल उपडे ठेवले. एका काकूंनी तर मालिकेतलं लग्न ऐन मंगलाष्टकांत थांबवलं. चाळीच्या इतिहासात याहून मोठा त्याग झाला असेल, तर तो नोंदवलेला नाही.

शुक्रवारी सकाळी मोजलं. स्पीड उत्तम!

“म्हणजे राकेशदादा बरोबर होता,” आकांक्षाचा चेहरा उतरला. “मीच हरले, नेट नाही.”

“थांब गं. दिवस कुठे संपलाय?”

दुपारी मोजलं. दोन्ही साइटवर काटा तळाशी! संध्याकाळी पुन्हा उत्तम.

“दुपारीच काहीतरी होतंय!” संघर्ष ओरडला. “आणि ताईचे डाव दुपारीच असतात!”

शनिवारी भर दुपारी त्यांनी राकेशला बोलावलं. तो घाम पुसत आला, मोबाइल काढला, बटण दाबलं. “बघा. फुल्ल!”

शेजारीच लॅपटॉपवर ते चक्र रडतखडत फिरत होतं. संघर्षचे डोळे एकदम चमकले. तो मनवाच्या कानाशी लागला, “अख्ख्या मजल्याला आपला पासवर्ड माहितीये. पण यानं तो कधी विचारलाच नाही!”

मनवा हळूच आत गेली आणि तशीच हात मागे बांधून परत आली. “दादा, परत एकदा करून दाखव ना! मैत्रिणींना सांगायचंय.”

राकेश खूश झाला. बटण दाबलं. “हे घे! आधीपेक्षा जास्त! याला म्हणतात आपली लाइन!”

“हो का?” मनवाने हात पुढे केले. हातात राउटर होता. वायरी लोंबत होत्या आणि एकही दिवा लागलेला नव्हता. “मग ही लाइन येतेय कुठून?”

राकेशने राउटरकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं.

“दादा, तू तुझ्या सिमचं नेट मोजतोयस!” आकांक्षा म्हणाली.

“अरे मेल्या!” आजोबा कडाडले. “दुसऱ्याचो ताप बघूक स्वतःच्या काखेत थर्मामीटर लावतंस?”

राकेश कानापर्यंत लाल झाला. पण गडी मनाचा वाईट नव्हता. “चुकलं, काका. चला, वायर बघू.”

सगळे काळ्या वायरीचा माग काढत गॅलरीत आले. वायर दारावरून निघून दोन खांबांमध्ये छान ताणलेली असायची. आत्ता मात्र ती मधोमध खाली लोंबत होती आणि खांबापाशी काटकोनात मुडपली होती. तिच्यावर एक जाडजूड गोधडी ऊन खात पडली होती.

“ही कुणाची?” आजोबांनी दरडावून विचारलं.

“तुमचीच,” घरातून बाहेर येत त्यांच्या बायको, मालनआजी शांतपणे म्हणाल्या. “रोज जेवणं झाली की घालते उन्हात. ढेकूण होतात म्हणून तुम्हीच मागे लागलात ना?”

मनवाने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला.

“हिच्यात काचेचा तंतू असतो, आजी,” राकेश म्हणाला. “असा मुडपला की नेट अडतं.” त्याने गोधडी उतरवली, मुडपलेला तुकडा बदलला आणि मग लाजत विचारलं, “पासवर्ड काय आहे?”

“आधी सिमचं नेट बंद कर!” तिघं एका सुरात ओरडली.

रविवारी दुपारी गोधडी कठड्यावर होती आणि वायरीखाली खुर्ची टाकून, हातात छत्री घेऊन आजोबा बसले होते. मजल्याने न सांगता मोबाइल उपडे ठेवले. आत खूप वेळ काहीच ऐकू येईना.

मग मनवाची किंकाळी आली, “जिंकली! ताई संघात!”

अख्खी गॅलरी धावली. राकेशसुद्धा पेढे घेऊन आला. आजोबांनी आधी आकांक्षाला जवळ घेतलं, मग संघर्ष आणि मनवाच्या पाठी थोपटल्या.

“गिरणीत कापड मोजायचं, तर गज आपला स्वतःचा लागायचा. पोरांनो, तुम्ही तो घडवलात! आणि चोर आपल्याच घरात निघाला तरी मोजणं सोडलं नाहीत. शाब्बास!”

त्या संध्याकाळी आजोबांनी तो डाव सगळ्या चाळीला खेळीखेळीने सांगितला. त्यांनी त्यातली एकही खेळी पाहिली नव्हती. पण त्यांच्या मते डाव फिरला, तो त्यांनी वायरीवरचा कावळा हाकलला तेव्हाच.