लेथवरचा शेंदूर

त्रेपन्न सालची गोष्ट. मी गंगावेशीत छटाकभर शेंदूर आणायला गेलो होतो. पुडी बांधता बांधता दुकानदार गणपतरावांनी विचारलं, कुठल्या देवाला? लेथला, म्हटलं. ते हसले. मलाही हसू यायला हवं होतं, पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. माझी बायको चंदना मुदतीच्या तापानं जाऊन चार महिने झाले होते. तिसऱ्या दिवशीच मी परसातल्या शेडमध्ये लेथ पुसत बसलो, म्हणून गल्ली बरंच बोलली. बोलू दे.

लेथ लहानसाच, जुना विलायती. मोटर नव्हती. मागं एक मोठं चाक होतं, ते चंदना फिरवायची. रोज दुपारी चारला घरचं आवरून यायची. उजवा हात चाकावर, डावा आधाराला बेडवर. बेड म्हणजे ज्या दोन सपाट पट्ट्यांवरून कापायचं हत्यार सरकतं, तो भाग. चार बोटं पुढच्या पट्टीवर, अंगठा मागच्या. हत्यार जवळ आलं की न सांगता हात उचलायची. सहा वर्षं असं चाललं.

ती गेल्यावर मी चाक काढून मोटर बसवली. लेथ छान पळायला लागला, पण कातलेला दांडा एका जागी केसभर जाड यायचा. बेड तिथं उंच असणार. यावर उपाय एकच. शेंदूर तेलात कालवून सपाट लोखंडी पाट्याला पुसायचा, पाटा बेडवर घासायचा. उंच जागी लाल डाग उठतो. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, आणि पुन्हा शेंदूर. फार चिकाटीचं काम, पण मला वेळच वेळ होता.

पाटा उचलला. पुढच्या पट्टीवर चार लाल डाग, मागच्या पट्टीवर एक. त्या चारांतला शेवटचा, लहान डाग वाकडा होता. चंदनाची करंगळी तशीच होती, लहानपणी कुरुंदवाडला गुऱ्हाळाच्या चरकात चेपलेली.

मी बघत राहिलो. भीती वाटली नाही. हात ठेवून ठेवून जागा झिजायला हवी, ही वर कशी आली, एवढंच मनात आलं.

तिचा भाऊ कल्लाप्पा त्या दिवशी घरी होता. तो शेडमध्ये आला, त्यानं डाग पाहिले आणि पायातल्या चपला काढल्या.

"दाजी, ह्याला हात लावू नगासा."

"लोखंड हाय ते."

"शेंदूर लागला की त्यो देव हुतो. आमच्या जैन बस्तीतला क्षेत्रपाळ दगुडच हाय की. त्याला कुणी खरवडतंय व्हय?"

वाकड्या बेडवर मी काम कसं करू, असं मी विचारलं. तो चहा न घेताच गेला.

मी करंगळी खरवडली. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्यात हात घातला, तर माझ्या डाव्या करंगळीला पाणी ऊन लागेना. दाब देऊन बधिर झाली असेल, म्हटलं. मग तिच्या शेजारचं बोट खरवडलं. संध्याकाळी माझंही तेच बोट गेलं. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, पण कळलं काही नाही.

कातारी माणसाचं सगळं बोटांत असतं. केसभर फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. तिथंच थांबायला हवं होतं मी. पण पुढच्या दिवशी, दुपारी चारला, त्या दोन मेलेल्या बोटांना कोणीतरी धरलं... दोनच बोटांनी, अगदी हळू. चार महिन्यांत पहिल्यांदा मी रडलो. मग मधलं बोट खरवडलं. मग अंगठ्याशेजारचं.

अंगठा मात्र ठेवला. तो गेला तर मला हत्यार धरता येणार नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. त्यामुळे येणाऱ्या तिच्या हातालाही अंगठा नव्हता. रोज चारला चार बोटं माझ्या बोटांत यायची, पकड बसायची नाही, हात सुटायचा. कल्लाप्पाला हे सांगितलं, तेव्हा तो उठला. स्क्रेपर धोतराच्या सोग्यात गुंडाळून कुरुंदवाडला घेऊन गेला.

त्याला आता पाच वर्षं झाली. दुसरा स्क्रेपर मी केला नाही. दांडा अजून केसभर जाड येतो आणि गिऱ्हाइकं चालवून घेतात. शेडची किल्ली माझ्या करगोट्याला असते.

परवा सहज शेंदूर लावून पाहिला. अंगठ्याचा डाग निम्माच उठला. भोवती लोखंडाचा कीस पडला होता... ताजा, चकचकीत.

तो दिवा जरा इकडं सरकवा. मघाशी तुमच्यासोबत चहा घेतला ना, तेव्हा कप पोळतोय म्हणून सगळे तो खाली ठेवत होते. माझ्या डाव्या अंगठ्याला कप ऊन लागला नाही.