रोज बदलणारा पत्ता

लॅबमधला चालू प्लग एकच होता, आणि माझा हात पोचायच्या आत तिथं प्रेमराजचा चार्जर लागला. त्यानं वर पाहिलं... अन् काढूनही घेतला.

"लाव तुझा. माझा लॅपटॉप अर्धा तास रुसत नाही."

त्याच आठवड्यात सरांनी आम्हा दोघांना एक प्रोजेक्ट दिला. मधे कुठलाही सर्व्हर नको, दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलले पाहिजेत.

दिवाळीच्या सुट्टीत तो धुळ्याला गेला, मी जळगावलाच. त्यासाठीची तयार कोडची लायब्ररी दोघांनाही नवीन. त्यानं प्रोग्राम सुरू केला की त्याच्या पडद्यावर लांबलचक पत्ता यायचा. तो मी माझ्याकडे टाकला की जोडणी. पण पत्ता रोज नवा! मग संध्याकाळी फोन यायचा. तो एकेक अक्षर वाचायचा, मी टाइप करायची.

"मेसेज कर ना सरळ."

"मेसेजमध्ये एखादं अक्षर सुटतं."

मला काय कळत नव्हतं? तरी "शेवटची चार परत सांग" — हे मीच म्हणायची. मागं आई भरताची वांगी भाजत असायची. तो वास आला की आजही त्याचा आवाज कानाशी येतो.

"कोन शे वं?" आई विचारायची.

"प्रोजेक्ट शे."

"रोजना रोज?"

मग दोंडाईच्याचं स्थळ आलं. पाहुणे रविवारी येणार होते. जीव रमवायला लायब्ररीच्या माहितीचं पुढचं पान उघडलं, तर तिथं लिहिलेलं — प्रोग्रामची ओळख फाइलमध्ये जपून ठेवा, पत्ता बदलणार नाही. काम दोन ओळींचं.

संध्याकाळी त्याला सांगितलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग केलं का नाहीस?"

"केलं असतं तर... रोज फोन कशाला केला असता?"

माझे कान तापले.

"रविवारी मला बघायला येताहेत," मी म्हणाले. "आज अक्षरं नको वाचूस. काय ते बोल."

"शनिवारी नानांना घेऊन येतो."

"तुझे वडील नाही म्हणाले तर?"

"तर एकटा येईन... पण येईन."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, दोंडाईच्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव."

आईनं गॅस बंद केला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळं ऐकायच्या तयारीनं शेजारची जागा हातानं पुसली.

"बस आठे. आते बठ्ठं सांग."