मागून सून येतेय

"फिरायला नेतोयस का तिला?"

सायकल न थांबवताच मी विचारलं. कोचकोर गावाबाहेरच्या चढावर एक उंचच उंच मुलगा आपल्या सायकलीचं हँडल धरून चालत होता. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, उन्हानं सोललेल्या कानाच्या पाळ्या, आणि एका हातात लोंबणारी तुटकी चेन... मेलेला साप धरावा तशी.

"तुम्ही थांबलात तर फार बरं होईल," तो म्हणाला.

मी थांबले. चेनसाठी नाही – त्या 'तुम्ही'साठी. आमच्या उत्तरेत बरोबरीच्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं, तर तो मागे वळून बघतो, आणखी कोण आलंय म्हणून. दक्षिणेची माणसं मात्र बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्रालाही 'तुम्ही' म्हणतात.

"दक्षिणेचा, जलालाबादकडचा ना?"

"कसं ओळखलंत?"

"तोंडावरून. म्हणजे... तोंडातून."

तो हसला, आणि हसताना उजवी भुवई डावीपेक्षा जास्त वर गेली. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला.

"इथे जवळ सायकलचं दुकान कुठेय?"

"एक साठ किलोमीटरवर. आणि एक इथे." मी सायकल दगडाला टेकवली आणि माझी बॅग उघडली. मी तीन वाड्यांची नर्स. रोज तीसेक किलोमीटर मारते, त्यामुळे इंजेक्शनं आणि बँडेज यांच्या शेजारी पाना, पंक्चरच्या पट्ट्या आणि चेनची पिन काढायचं हत्यार असतंच. मी तुटलेली कडी काढून टाकली आणि चेन जोडायला बसले. पाऊस वाढला. त्यानं अंगातला रेनकोट काढला. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर धरणार, आणि मी म्हणणार, नको. पण त्यानं तो माझ्या उघड्या औषधांच्या बॅगेवर धरला आणि स्वतः भिजत उभा राहिला.

तिथेच तो मला थोडा आवडला. थोडाच.

"तिलेक," तो म्हणाला.

"झिबेक. झाली चेन. निघ आता."

"पुढच्या गावापर्यंत तुमच्याबरोबर आलो तर चालेल? चेन पुन्हा तुटली तर..."

"मी जोडलेली चेन तुटत नाही."

"मग... न तुटल्याबद्दल आलो तर?"

मी सायकलवर टांग टाकली. नाही मात्र म्हणाले नाही.

पुढच्या चढावर मी त्याला बराच मागे टाकलं. मुद्दामच! आजवर ज्या ज्या पुरुषाला मी चढावर मागे टाकलं, त्या प्रत्येकाचं तोंड वर पोचेपर्यंत आंबलेलं असायचं. कुणाचा टायर खराब, कुणाची रात्री झोप झालेली नसे. हा वर आला तो धापा टाकत, लालबुंद होऊन. तिथे एक म्हातारा मेंढपाळ घोड्यावर बसला होता. त्याला हा म्हणतो कसा – "बाबा, बघितलंत? मला किती मागे टाकलं त्यांनी!"

जणू शर्यत त्यानंच जिंकली होती.

*

तिलेक त्याच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचा. सुट्टीत देश बघायला सायकलवर निघालेला. सुट्टी संपली, तो घरी गेला आणि हिवाळाभर फोन सुरू झाले. इतर मुलं विचारतात, जेवलीस का. हा विचारायचा, "आज किती किलोमीटर?" मी आकडा सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा त्याच्या वर्गात गणित होऊन फळ्यावर जायचा. 'एक परिचारिका ताशी अठरा किलोमीटर वेगानं निघाली, तर...'

पुढच्या जूनमध्ये तो आला, या वेळी बरोबर दोन काकांना घेऊन. माझ्या अतांनी – वडिलांनी – मेंढा कापला. जुलैत आमच्या अंगणात निकाह झाला.

आणि मग मी म्हणाले, की सासरी मी सायकलवर जाणार.

अतांचा चहाचा प्याला हातातच राहिला. ते घोडे पाळणारे. आमच्या खोऱ्यात त्यांच्या घोड्यांचं नाव आहे.

"सायकलवर? साडेचारशे किलोमीटर? घोड्यावर म्हणाली असतीस तर समजलो असतो. दोन चाकांवर लेक धाडली, तर माझ्या घोड्यांना मी काय तोंड दाखवू?"

"अता, गाडीत बसवून पडदे लावतात. मुलगी रडत रडत झोपते आणि जागी होते ती परक्या अंगणात. मधला रस्ता तिला माहीतच नसतो. मला तो बघायचाय. प्रत्येक वळण."

अतांनी जावयाकडे पाहिलं. "आणि तुझं काय म्हणणं?"

तिलेकनं मान खाली घातली. "मी पाठीमागून येईन, अता. सवय आहे मला."

अतांच्या पोटातून हसू वर आलं, घोड्याच्या फुरफुरण्यासारखं. त्यांनी दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि म्हणाले, "माझी लेक कुठे उतरून चालली, असं मात्र माझ्या कानावर यायला नको."

"नाही यायचं," मी म्हणाले.

*

पहिला घाट चढून आम्ही सोन-कुलच्या तळ्याकाठी पोचलो तेव्हा गवतात पिवळी फुलं होती आणि वारा एवढा, की बोललेलं शेजारच्याला न पोचता तळ्यापलीकडे जायचं.

"काय म्हणालीस?" असं तो विचारेल म्हणून मी वाट बघायचे, आणि तो ओरडायचा, "काय म्हणालात?"

"अरे, बायकोला कोण 'तुम्ही' म्हणतं?"

"माझे वडील म्हणायचे. आजोबा म्हणायचे."

"मला कसं वाटतं माहितीये? जिल्ह्याहून तपासणीला आलेय असं!"

"मग काय निघालं तपासणीत?"

"नवरा हळू चालवतो. पण... चहा बरा करतो."

आम्ही मेंढपाळांच्या लोकरी तंबूंत मुक्काम करायचो. सकाळी गरम बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे फुगीर तुकडे, कायमाकाच्या दाट सायीत बुडवून खायचो आणि निघायचो. तळ्याच्या पलीकडचा उतार म्हणजे एकाखाली एक तेहेतीस वळणं. त्यांतल्या कुठल्याशा वळणावर तिलेकचं मागचं चाक खडीवर घसरलं आणि तो आडवा झाला. उठला, पँट झटकली, म्हणाला, "काही नाही. बघत होतो, रस्ता किती कडक आहे ते."

मी हसले. नर्स असून हसले, याची मला अजून लाज वाटते.

पुढचे तीन दिवस तो नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होता. चढावर गाणी म्हणत होता – आवाज ऐकवेना असा. काझारमान गाव ओलांडून आम्ही शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी आलो. पलीकडे त्याचं गाव, अक्रोडांच्या रानात. सत्तर किलोमीटर उरले होते. ओढ्याकाठी पाणी भरायला थांबलो, तो खाली बसला आणि उठायला गेला, तर उठता येईना.

मी त्याची पँट वर सरकवली. गुडघा खरबुजासारखा टम्म सुजला होता.

"हे कधीपासून?"

"...वळणांपासून."

"तीन दिवस! तीन दिवस सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही थांबला असतात."

"थांबलेच असते! मी नर्स आहे, शत्रू नाही तुझी! एवढा कसला रे तुझा ताठा?"

"माझा नाही," तो हळूच म्हणाला. "तुमचा. तो मोडायला नको होता मला."

मला रागानं रडू येत होतं. मी गुडघा घट्ट बांधला. त्यावर घाट चढणं म्हणजे पाय कायमचा गमावणं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात मधमाश्यांच्या पेट्या घेऊन एक ट्रक वर निघालेला दिसला. मी हात केला. चालवणारे सोरोनबाय आके – आके म्हणजे दादा – त्याच्याच खोऱ्यातले निघाले. म्हणाले, "चढा दोघं. सायकली पेट्यांवर बांधू. संध्याकाळच्या आत घरी."

मी तिलेकची सायकल वर चढवली. मग माझी उचलली. अतांना दिलेला शब्द आठवत होता, पण सायकल खाली ठेवली नाही. नवरा मोठा की शब्द?

तिलेकनं माझ्या सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवला.

"तू नाही."

मी बघतच राहिले. तू...?

"तू नाही चढायचंस, झिबेक. तू सायकलवर ये."

"वेडा झालास? नवी सून एकटी, नवऱ्याशिवाय? तुझी आई काय म्हणेल? गाव काय म्हणेल?"

"सून येताना कुणीतरी पुढे जाऊन वर्दी द्यावी लागते ना? मी वर्दी द्यायला चाललोय." चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता, पण उजवी भुवई वर गेलीच. "फक्त एक कर. उगाच घाई करू नकोस. मला सगळ्यांना सांगायला वेळ लागेल."

ट्रक धूळ उडवत गेला. मागच्या काचेत त्याचा हात कितीतरी वेळ हलत होता.

*

त्या घाटाचं मी काय सांगू? पहिल्या तासात ऊन होतं, दुसऱ्या तासात गारा. गारा हेल्मेटवर अशा वाजत होत्या की माझाच श्वास मला ऐकू येईना. दोनदा वाटलं, उतरावं. बघायला कोण आहे इथे? मग वाटलं – मी आहे ना! दात आवळले. सर्वांत खालच्या गिअरवर, मुंगीच्या चालीनं, पण पाय जमिनीला न लावता मी माथ्यावर पोचले. वर कुणीच नव्हतं. वारा होता, बर्फाचा एक मळका पट्टा होता, आणि समोर निळ्या डोंगरांमागे डोंगर. मी एकटीनंच जोरात आरोळी ठोकली. अता घोडे हाकताना ठोकतात तशी.

उतारावर पहिला तंबू लागला. एक बाई कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कटोरा घेऊन रस्त्यावरच उभी.

"झिबेक ना गं तू?"

मी ब्रेक दाबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"एक लंगडा ट्रकमधून सांगत गेला. म्हणाला, मागून माझी बायको येतेय, कोचकोरहून सायकलवर. पी, पी! कशी दमलीयेस!"

तिच्याकडेच मी रात्री राहिले. सकाळी पुढच्या तंबूशी दोन म्हातारे उठून उभे राहिले. त्यांच्या मते मी थेट राजधानीहून, बिश्केकहून निघाले होते. रस्त्याचं काम करणाऱ्या माणसांनी फावडी बाजूला घेऊन मला वाट करून दिली आणि टोप्या काढल्या. तिसऱ्या तंबूसमोर मध विकणाऱ्या बाईनं पोळ्याचा तुकडा हातात कोंबला आणि विचारलं, "घाटात अस्वलाला तूच पळवलंस ना?"

"अस्वल? नाही हो!"

"लाजू नकोस," ती म्हणाली.

शेवटच्या तंबूतल्या आजी मात्र काहीच विचारेनात. नुसत्या माझा हात हातात धरून हसत होत्या. "तुझा नवरा मला काय सांगून गेला, ते त्यालाच विचार," म्हणाल्या. "मी सांगितलं तर गोडी जाईल."

मग अक्रोडांचं रान सुरू झालं. सावली, ओल्या पानांचा वास... आणि माझा वेग आपोआप कमी झाला. तंबूंतली माणसं परकी होती, त्यांच्या कौतुकाला काही लागत नाही. सासू परकी नसते. मी हँडलच्या आरशात पाहिलं. नाक सोललेलं, गालांवर धूळ, ओठ फुटलेले. हे नवऱ्या मुलीचं तोंड?

गावाच्या तोंडाशी बायकांचा घोळका उभा होता. सर्वांत पुढे एक ठेंगणी, ताठ बाई. भुवई बघूनच ओळखलं... तिलेकची आई. मी सायकलवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि रीतीप्रमाणे कमरेत तीनदा वाकले. मग घोळक्यातून एक आवाज आलाच –

"काय बाई ही उत्तरेकडची तऱ्हा! नवरा मोडका पाय घेऊन ट्रकमध्ये, आणि सून एकटीच हुंदडत आली!"

माझी मान खाली गेली.

सासूबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माझा मुलगा सामानाबरोबर आला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सून स्वतः आली."

आणि त्यांनी ओंजळभर गोळ्या-साखर माझ्यावर उधळली. मग सायकलवर. घोळक्यात एकच हशा आणि गलका उठला. त्यांनी सुनेचा पांढरा रुमाल माझ्या घामट केसांवर बांधला, टोकं घट्ट ओढली आणि कानाशी म्हणाल्या, "थोडी वाळलीयेस. खायला घालते."

*

तिलेक अंगणातल्या बाजेवर होता, पाय उशीवर. मी शेजारी बसले आणि आधी गुडघा दाबून पाहिला.

"दुखतोय?"

"नाही."

"तिलेक..."

"थोडा."

अंगणभर माणसं होती, चहा फिरत होता. मी खालच्या आवाजात विचारलं, "अस्वल कुठून आलं रे?"

"ते... तिसऱ्या तंबूत. तोपर्यंत खरं सांगून सांगून कंटाळलो होतो."

"आणि त्या शेवटच्या आजींना काय सांगितलंस?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं आईकडे पाहिलं, मग प्याल्यात पाहिलं.

"सांगितलं, की आता मागून जी येईल तिला नीट बघून घ्या. तुमच्या दारावरून ती एकदाच जाणार आहे..." तो थांबला. "मला मात्र रोज बघायला मिळणार आहे. जन्मभर."

मला जगातली कुठलीही चेन जोडता येते, पण त्या क्षणी दोन शब्द जोडता येईनात. माझा हात त्याच्या गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला. सगळ्यांच्या देखत.

"नर्सबाई," सासूबाईंनी दारातून हाक मारली, "हा पाय बरा व्हायला किती दिवस?"

मी झटकन हात काढला. "एक महिना, एने," मी म्हणाले, तिलेक आईला हाक मारतो तशीच.

"मग महिन्यानं दोघं कोचकोरला जाऊन या. तुझ्या अतांना सांग, लेक पोचली म्हणून."

"एने, त्यांना तर मघाशीच फोन केला!" तिलेक म्हणाला.

"फोनवरचं कोण खरं मानतं? ह्यानं ट्रकमधून फेकलेल्या थापा ऐकल्यास ना?" त्यांनी माझ्यासमोर वाफाळती ताटली ठेवली. मग जरा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "जाताना ह्याच रस्त्यानं जाल ना? घाटातल्या सगळ्या तंबूंना मी निरोप धाडून ठेवते."

"काय निरोप, एने?"

"हाच, की पुन्हा येतेय. माझी सून."