तीन ठोके म्हणजे ओढा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझे सख्खे मामा बन्सीधर यांच्या बाबतीत ती घडली. त्यांनी ती मला एकदाच सांगितली. समोरचा चहा तसाच गार झाला, पण ते थांबले नाहीत.

भुतं अमावस्येच्या रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर मुद्दाम वाचावी. यातलं सगळं लख्ख उजेडात घडलेलं आहे.

साल अठ्ठ्याऐंशी. भादव्याचा महिना. गाव सेलू.

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या रस्त्याला मामांचं वेल्डिंगचं दुकान होतं. हात असा की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळायचं नाही. पण नांगर आणि वखर जोडून कुणाचं नाव होत नाही, ही त्यांची खंत होती. आयुष्यात एक तरी चीज अशी करायची, की लोकांनी म्हणावं, ही बन्सीची.

ती संधी दिनकररावांनी आणली.

दिनकरराव म्हणजे कापसाचे बडे व्यापारी. दुधनेच्या काठाला त्यांची काळी जमीन. पावसाळ्यात तिथं बैलगाडी रुतायची, ट्रॅक्टर रुतायचा, शहाणा माणूसही रुतायचा. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी गाडी उचलली होती. चारही चाकं ओढणारी. खालचा सांगाडा गंजून भुगा झालेला, पण इंजिन आणि चाकं ठणठणीत.

"बन्सी, याला पाइपाचा सांगाडा कर. एकदम हलका. चिखलात रुतणार न्हाई असा बारका ट्रक पायजे मला."

"पाइप कोन्ते घेऊ, मालक?"

"माझ्या विहिरीवरचे काढलेले पडलेत की. तेच लाव."

मामा हरखले. दुकानाच्या फरशीवर खडूनं पूर्ण ट्रक काढला. कुठं वजन येणार, कुठं तिकोन द्यायचा, कुठं आडवा पाइप घ्यायचा. गावातले मिस्त्री येऊन बघायचे आणि हसायचे. 'सायकलच्या नळ्यांचा ट्रक' म्हणायचे. गॅस कटिंग करणारा रंगनाथ, वीस वर्षांपासूनचा जोडीदार, तोही गालात हसायचा.

महिन्याभरात सांगाडा उभा राहिला. मधोमध एक लांब पाइप, कण्यासारखा. बाकी सगळं त्यालाच जोडलेलं. मामा आणि रंगनाथ, दोघांनीच तो उचलून जिनिंगच्या काट्यावर नेला.

एक क्विंटल बेचाळीस किलो.

हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. दिनकरराव खुशीत येऊन स्वतःच काट्यावर चढले. ब्याण्णव किलो भरले. "माझ्या दीडपट हाय बगा फकस्त," म्हणाले आणि पोट धरून हसले.

आता एक कामातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पाइप दोन्ही टोकांनी बंद करून वेल्ड करायचा असेल, तर त्याला एक बारीक भोक ठेवावं लागतं. नाहीतर आतली हवा तापते आणि जोड फोडून बाहेर येते. मामांनी प्रत्येक पाइपला भोक ठेवलं होतं. जुने मिस्त्री त्याला पाइपाचं नाक म्हणतात.

"ही भोकं बुजव," दिनकरराव म्हणाले. "चिखल जाईल आत."

मामांनी एकेक भोक बुजवलं. मधल्या लांब पाइपचं शेवटी. त्याचा टाका मारताना धूर आला. वेल्डिंगचा धूर ते जन्मभर घेत होते, तो वास त्यांना ठाऊक होता.

हा वास वेगळा होता...

डिझेलचा. बंद जागेत इंजिन चालल्यावर येतो तसा.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यामुळे बाजार बंद होता. जिनिंग बंद, लेथ बंद, रस्त्यावर सायकलसुद्धा नाही. सेलूत एवढी शांतता मामांनी कधी ऐकली नव्हती. शटर अर्धं खाली ओढून ते आणि रंगनाथ सांगाडा घासत बसले होते.

ठक्... ठक्... ठक्.

दोघांनी हात थांबवले.

"पाइप निवायलाय," रंगनाथ म्हणाला. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, हे खरंच आहे.

पण कालपासून त्या पाइपला कुणी विस्तव लावला नव्हता. मामांनी हात ठेवून पाहिला. थंडगार होता. आणि तळव्याखाली पुन्हा...

ठक्. ठक्. ठक्.

आतून.

रंगनाथ उठला. "बन्सी, ही विहिरीतली खूण हाय."

मामांना ते सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं विहिरीत उतरून पंपाचं काम करणारा माणूस वरच्याशी पाइपवर ठोके देऊन बोलतो. खालून ओरडलेलं वर समजत नाही, ठोका समजतो. एक म्हणजे दोर सोडा. दोन म्हणजे थांबा.

तीन म्हणजे ओढा. मला वर ओढा.

त्याच दुपारी सांगाडा बाजूला सरकवायला म्हणून दोघांनी हात घातला, तर तो हलेना. चौघं लागले. तिसऱ्या दिवशी मामांनी तो पुन्हा काट्यावर नेला.

एक क्विंटल नव्वद.

काटेवाल्यानं वजनं बदलून पाहिली. नव्वदच. रंगनाथनं आपली नळी-नोझल गुंडाळली, राम राम घातला आणि तो त्या दुकानात परत आला नाही. भित्रा नव्हता तो, शहाणा होता.

काट्याजवळ कापूस निवडणाऱ्या बाया बसायच्या. त्यातली एक उठून आली. कडूबाई. इंजिन मिस्त्री आश्रुबाची बायको. आश्रुबा मागच्या उन्हाळ्यात गेला होता, दिनकररावांच्या विहिरीत. छातीत कळ आली, असं गावाला सांगितलं गेलं होतं.

कडूबाईनं मधल्या पाइपवर हात फिरवला. टोकाला छिन्नीच्या बारीक खुणा होत्या. मामांना त्या रोज दिसत होत्या, पण अर्थ कळला नव्हता.

"ही खूण आमच्या धन्याची हाय, बन्सीदादा. त्यो हरएक पाइपाला करायचा."

मामांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं.

"कळ न्हाई आली त्याला. विहिरीत अर्ध्यावरच्या टप्प्यावर इंजिन व्हतं. ह्यो खाली असताना मालकानं चालू केलं. धूर कोंडला. मी बाजूच्या वावरात निंदायलते. तीन ठोके आले. पुन्ना तीन. मी पळत गेले तर मालक दोरापशी हुबे. मनले, काम चालू हाय, पानी चढायलंय, तू जा. मी पाया पडले. धा-बारा बार तीन-तीन वाजलं, दादा. मग न्हाई वाजलं."

मामांनी विचारलं.

"आश्रुबाचं वजन किती व्हतं, वयनी?"

"ह्याच काट्यावर तोललं व्हतं आमी हसत हसत. अठ्ठेचाळीस."

एकशे बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस.

"तेवढा एक पाइप काढून द्या मला," कडूबाई म्हणाली. "गोदावरीत सोडते. दुसरं काई मागत न्हाई."

इथं माझ्या मामांनी चूक केली. मी त्यांचा भाचा आहे, पण झाकणार नाही. तो पाइप काढला असता तर पूर्ण सांगाडा कापावा लागला असता. महिन्याची मेहनत, गावानं घातलेली तोंडात बोटं, सगळं गेलं असतं. ती चीज ज्याच्यावर उभी होती, तोच तो पाइप होता.

"त्यो कणा हाय, वयनी. त्यो काढला की गाडीच न्हाई ऱ्हात."

कडूबाई रडली नाही, भांडली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "मग ठोका आला की ओढ म्हनावं कुनाला तरी. माझं कुनी ऐकलं न्हाई."

पुढचे पंधरा दिवस ठोके रोज वाजले. मामा वेल्डिंग करत असले की वाजायचे, भाकरी खायला बसले की वाजायचे. पहिले दोन दिवस ते दचकले. मग कानात कापूस घातला. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच वाईट आहे. इंजिन बसलं, चाकं चढली, ट्रक तयार झाला.

चाचणीचा दिवस. दुपारचे चार.

रात्रभर पाऊस होऊन उघडीप झाली होती. दुधनेकाठचं रान नुसतं काळ्या लोण्याचं. दिनकरराव स्वतः चालवायला बसले, शेजारी मामा. आणि काय सांगू, ट्रक निघाला. जिथं बैल पोटापर्यंत बुडायचे तिथून पाण्यावरच्या किड्यासारखा अलगद निघाला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी ते आश्रुबाला विसरले होते, हेही त्यांनीच मला सांगितलं.

विहिरीजवळ आल्यावर ट्रक आपोआप मंदावला.

थांबला. इंजिन चालूच.

ठक्... ठक्... ठक्.

दिनकररावांनी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. "बन्सी, तुझा जोड ढिला ऱ्हायला. खाली घुसून बघ."

"मी जानार न्हाई, मालक. इंजिन बंद करा आदी. आन् तुमी बी जाऊ नका. तीन ठोके हायेत ते. वळखा."

दिनकररावांचा चेहरा क्षणभर उतरला. ओळखलं होतं त्यांनी. पण बड्या माणसाला भीती वाटलेली दुसऱ्यानं बघितली की राग येतो.

"बायल्या. व्हय बाजूला. आवाज कुटून येतो ते चालू इंजिनातच कळतं."

ते पाना घेऊन पाठीवर झोपले आणि ट्रकखाली सरकले.

मामा वीस पावलांवर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले. ट्रककडं पाठ करून. तंबाखू मळायला घेतली.

ठक्. ठक्. ठक्.

मामांनी मान वळवली नाही. पंधरा दिवस हेच ऐकत आले होते.

ठक्. ठक्. ठक्.

"मार. मार किती मारतो ते," मामा स्वतःशी म्हणाले आणि कानांवर हात ठेवले. हाताआडूनही येत होते. तीन-तीन. घाईघाईनं. मग सावकाश. मग एकदा फक्त दोन... आणि तिसरा आलाच नाही.

इंजिन बंद पडलं.

रानात एक पाखरू बोलेना. तेव्हा मामा वळले.

ट्रक खाली बसला होता. जो कुठंच रुतला नाही तो, आवाज न करता, सरळ, चारी चाकांनी पोटापर्यंत रुतला होता. चहूबाजूंनी चिखल चढलेला. धुराला बाहेर यायला बोटभर फट नव्हती.

गावातून माणसं आली, बैल लावले, ट्रक उचलला. दिनकररावांच्या अंगावर खरचटलंही नव्हतं. ते दबून मेलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, धुरानं गेले. हातात पाना घट्ट होता. मधल्या पाइपवर पान्याचे ताजे व्रण पडले होते, तीन-तीनच्या गटानं. मामांनी ते मोजायला सुरुवात केली होती. दहाच्या पुढं त्यांनी मोजले नाहीत.

आश्रुबाचे ठोके कुठले आणि दिनकररावांचे कुठले, ते मामांना कधीच सांगता आलं नाही.

कडूबाईला बातमी कळली तेव्हा ती कापूस निवडत होती. "कुनी ओढलं न्हाई का त्येला?" असं तिनं विचारलं म्हणे. मग पुन्हा निवडायला लागली.

वारसांनी ट्रक मोडला. इंजिन, चाकं विकली आणि सांगाडा मामांच्या दारात आणून टाकला. भंगारवाल्यानं काट्यावर घातला. मामांना वाटलं, आता एकशे बेचाळीस भरेल. आश्रुबा सुटला असेल.

आश्रुबा सुटला होता.

काटा दोनशे चौतीसवर थांबला. एकशे बेचाळीस आणि ब्याण्णव.

भंगारवाल्यानं तो नेला नाही. दुकानामागं अजून पडलेला आहे, त्यावर वेल चढलाय. मामांनी वेल्डिंग सोडलं. मागच्या खोलीत खिळ्याला एक जाड दोर टांगला आणि मरेपर्यंत एकच काम केलं. तीन ठोके आले की उठायचे. जेवत असले तरी ताटावरून. दोर घ्यायचे, मागं जायचे, सांगाड्याला बांधून एकटेच ओढत बसायचे. दोनशे चौतीस किलो. तो कधी तसूभर हलला नाही. आमच्या घरात दार कुणी तीनदा वाजवत नाही, त्याचं कारण हेच.

मामा जाऊन चार महिने झाले. गेल्या आठवड्यात घर आवरायला मी सेलूला गेलो होतो. भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, रेडिओ चालू होता.

मागून तीन ठोके आले.

दोर कुठं टांगलाय ते मला माहीत होतं. ज्या खुर्चीवर बसलो होतो तिथून तो दिसतही होता.

मी रेडिओचा आवाज वाढवला.