राहून राहिली

नऊ बगळे, दोन म्हशी, वाळूवर पालथी घातलेली एक नाव, कपडे धुणाऱ्या तीन बाया आणि बाभळीला टेकवलेली एक काळी सायकल. त्या रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पूर्णेच्या काठावर एवढं होतं. एक माणूसही होता. पण तो मी सगळ्यात शेवटी मोजला. उतारावर तो उकिडवा बसला होता आणि माझी सायकल घसरत जाऊन त्याच्या पाठीला टेकली, तेव्हाच मला दिसला.

"ब्रेक नाही काय?" त्याने मागे न वळताच विचारलं.

"आहे. लागला नाही."

"मंग घंटी तरी वाजवा लागत होती."

"घंटी नाही."

आता तो वळला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसात गवताची काडी, आणि चेहऱ्यावर राग शोधला तर सापडेना. धडक मी दिली होती, तरी जाब मीच विचारला, "पण तुम्ही इथे काय करताय?"

"मासे पाहून राहिलो."

"मासे पाहून... कुठे राहिलात?"

तो इतक्या मोठ्याने हसला की तिन्ही बायांनी धुणं थांबवलं. बगळे उडाले... नऊच्या नऊ.

तो श्याम. नत्थुजींचा मुलगा. नदीला लागून त्यांची पाच एकर काळी जमीन होती आणि त्यात तो हरभरा पेरत असे. मी प्रणाली. सांगवीत मला या नावाने कुणीच ओळखत नव्हतं; सगळ्यांसाठी मी पाणीवाली म्याडम होते. पुण्याच्या एका संस्थेने मला नुकतंच, मार्चअखेरपर्यंत, पाठवलं होतं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा हा पट्टा खारपाणाचा. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. कोणत्या विहिरीत किती क्षार, ते दर महिन्याला मोजायचं आणि लिहायचं, हे माझं काम. मी पार्बताबाईंकडे राहत होते. त्यांच्या विहिरीचा आकडा पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणूनच माह्या वरणाले मीठ लागत नाही व."

ते २००७ चं वर्ष नुकतंच लागलं होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडाचं नाव तेव्हा रोज पेपरात असे, आणि आई फोनवर रोज विचारी, "कधी येतेस?" मी हे पार्बताबाईंना सांगितलं, तर शेगडीवरचे हरभऱ्याचे ओले घाटे हलवत त्या म्हणाल्या, "पेपरात आमी रडून राहिलो, इथं पाहाय, हुळा खाऊन राहिलो. दोन्ही खरंच हाये, बाई. घे, गरम गरम खाय."

त्याच रात्री मी वहीत नियम लिहून ठेवला. करून राहिलो म्हणजे करतो आहे. जाऊन राहिलो म्हणजे जातो आहे. राहणं इथे राहण्यासाठी नसतंच.

नदीकाठची वाट सपाट होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हरभरा, आणि मध्ये दोन हात रुंदीची पायवाट. ओढ्यांनी ती इतक्या ठिकाणी कापली होती की जीप तर सोडाच, बैलगाडीही तिकडे फिरकत नसे. सायकल मात्र मजेत जाई. रविवारी मला काम नसायचं, म्हणून मी नुसतीच फिरायला निघायची. या 'नुसतीच'ने गावात खळबळ उडवली होती.

"कुठी जाऊन राहिल्या, म्याडम?"

"कुठेच नाही."

"कुठीच नाही, तं मंग काहून जाऊन राहिल्या?"

दुसऱ्या रविवारी श्यामने मला यातून सोडवलं. त्याच्या हँडलला एक रिकामी कापडी थैली लटकत होती.

"हे काय?"

"परवाना." त्याने थैली फडकवली. "थैली दिसली का लोक समजतात, पोट्टा कामानं चालला. पाच सालांपासून मी असाच हिंडून राहिलो. याच्यात आजवर एक कांदा पडला नाही."

"म्हणजे तुम्हीही नुसतेच फिरता?"

"हळू बोला ना बाप्पा..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "घरी समजलं, तं मले काम सांगतीन."

तेव्हापासून एका थैलीवर आम्ही दोघं फिरू लागलो. तो पुढे, मी मागे. मग बरोबरीने. तो खंड्या दाखवायचा, मी त्याला विचारायची की खंड्या ताशी किती मासे पकडतो, आणि तो म्हणायचा, "विचारून सांगतो." मी हसले की तो पुढे बघायचा. मी पुढे बघितलं की... तो कुठे बघायचा हे मला माहीत नाही. पण त्याची सायकल दोनदा हरभऱ्यात गेली.

दुसऱ्या ओढ्याच्या वळणावर वाट चांगली रुंद होती आणि ओला गाळ होता. त्यात आमच्या चाकांच्या रेघा नीट उमटत. एकट्या सायकलची रेघ अकरा मिलिमीटर खोल जाई. पहिल्यांदा मोजलं ते मातीच्या ओलाव्यासाठीच. मग दोन रेघांमधलं अंतरही मोजलं... ते कशासाठी, हे वहीत लिहिलेलं नाही. दुसऱ्या रविवारी दोन मीटर साठ सेंटिमीटर. चौथ्या रविवारी एक मीटर दहा. सातव्या रविवारी चौसष्ट सेंटिमीटर. दोन हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून साठ तरी लागतातच.

"काय मोजून राहिल्या?" त्याने विचारलं.

"ओलावा."

"किती हाये?"

"वाढतो आहे," मी म्हणाले, आणि पट्टी घाईघाईने खिशात घातली.

त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. काम चांगलं आहे, आणखी एक वर्ष थांबायची इच्छा असेल तर आठ दिवसांत लेखी कळवा. मी लगेच कागद घेतला. 'हो' लिहायला मला एक मिनिटही लागलं नसतं. पण पेनमधली शाई संपली होती. रिफिल आणायला मी चौकात गेले.

चौकात इनायतुल्ला चाचांचं सायकलचं दुकान होतं. चाचा ट्यूबमध्ये हवा भरत होते. पाठमोरा श्याम त्यांच्या मुलाशी, मोईजशी बोलत होता. मोईज पुढच्या महिन्यात पुण्याला कंपनीत लागणार होता. त्या हिवाळ्यात सांगवीतून एकोणीस जण असे बाहेर पडले होते. विहिरींच्या नोंदी करताना मी घरोघर जायची, म्हणून मला आकडा माहीत होता.

पंपाचा फुस्स फुस्स आवाज चालला होता. तो थांबला, तेव्हा श्यामचं वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं.

"...पुण्याले जाऊन राहिलो ना मी."

मी रिफिल न घेताच परत फिरले. एकोणिसावर एक, वीस. पार्बताबाईंच्या ओसरीत बसून मी नियम पुन्हा वाचला. जाऊन राहिलो म्हणजे जातो आहे. आधी मी वही मिटली, आणि मग... मला हसूच आलं. तो पुण्याला येतो आहे, आणि मी मूर्खासारखी इथे राहायचा अर्ज करायला निघाले होते! पुण्यात नदी आहे. सायकली तर कितीतरी आहेत. मी पेन्सिलीने लिहिलं, 'मुदतवाढ नको.' पाकीट बंद केलं.

आठव्या रविवारी मी ते त्याच्या हातात दिलं. सोमवारी तो दर्यापूरला जाणार होता, तिथून टपाल लवकर जातं.

"पाहा बरं, थैलीत पहिल्यांदाच काही पडलं," तो खूश होऊन म्हणाला. "काय हाये याच्यात?"

"मी मार्चअखेर पुण्याला परत जाते आहे. आणखी वर्षभर थांबा म्हणत होते. नको म्हणून कळवलं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो आनंदाने काही बोलेल, निदान 'मी पण' तरी म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"बरंच हाये," तो म्हणाला. "तुमचं गाव हाये ते."

मग तो सायकलवर बसला आणि पुढे निघाला. खंड्या दिसला, त्याने दाखवला नाही. वाटेत शेतात निघालेल्या कौशल्याकाकू भेटल्या. "कुठी जाऊन राहिला रे श्याम?" असं त्यांनी विचारलं, तर त्याने थैलीसुद्धा हलवली नाही. दुसऱ्या ओढ्याच्या वळणावर मी उतरले. दोन रेघांमध्ये दोन मीटर तीस सेंटिमीटर.

तो पुण्याला येतो आहे हा निष्कर्ष बरोबर असेल, तर हा आकडा असा यायला नको होता. मी पुन्हा मोजलं. तेवढाच आला. म्हणजे चूक आकड्यात नव्हती.

सायकल उचलून पुन्हा निघाले, तर मागचं चाक फुस्स करून बसलं. बाभळीचा काटा. फेब्रुवारीतला चौथा.

तो परत आला. खाली बसून चाक फिरवत काटा शोधू लागला. वर बघत नव्हता.

"श्याम," मी म्हटलं, "पुण्यात कुठे राहणार तुम्ही?"

"कोण? मी?"

"हो. जाणार आहात ना?"

"मले पुण्याले कोणं धाडलं?"

"तुम्हीच सांगत होतात मोईजला. मी ऐकलं... पुण्याले जाऊन राहिलो."

त्याच्या हातातलं चाक दोन फेरे आपोआप फिरलं आणि थांबलं.

"पुढचं नाही ऐकलं? मागचं?"

"पंप चालू होता."

"अवो म्याडम... मी म्हणलो, दोन साल पुण्याले जाऊन राहिलो ना मी. राहिलो म्हणजे... राहिलो! खोली करून. गादी टाकून." तो आता हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "मोईजले जागा सांगून राहिलो होतो, कुठी सस्ती खोली भेटते ते."

"पण तुम्ही मला कधी सांगितलं नाही, पुण्यात होतात म्हणून."

त्याने काटा उपटला. तळहातावर ठेवून बघत बसला.

"तिथं कंपनीत मी तोंड उघडलं का लोक हसत. जेवून राहिलो म्हणलं, का विचारत, जेवून कुठे राहिलास? दोन सालांत मी मुका झालो. मंग पाच सालांपहिले आलो परत. इथं नदीवर निवांत बसलो होतो, तं पाठीमागून सायकल येऊन धडकली, अन् तिच्यावरची पुण्याची बाई विचारते..." तो थांबला. "म्हणून हसू आलं त्या दिवशी. तुमी हसल्या नाही ना पण. खरंच विचारून राहिल्या होत्या. वहीत लिहून घेतलं असंन मागून."

"घेतलं," मी म्हणाले. "चुकीचं घेतलं."

नदी तिथे इतकी संथ होती की वाहते आहे की थांबली आहे, हे काडी टाकल्याशिवाय कळत नसे. एक बगळा आला आणि नावेवर बसला.

"तुम्ही पुण्याला जाणार म्हणून मी 'नको' लिहिलं होतं," मी म्हटलं. वाक्य सोपं होतं. तरी श्वास दोनदा घ्यावा लागला.

त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्या हँडलवरच्या थैलीत हात घातला, पाकीट काढलं आणि फोडलं.

"मंग आता..." त्याने विचारलं, "काय करून राहिल्या, प्रणाली?"

पहिल्यांदाच, म्याडम न म्हणता.

पुण्याच्या माझ्या मराठीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून मी इथलं वापरलं, नीट जुळवून.

"राहून राहिली."

"आँ?"

"मी सांगवीले राहून राहिली." मी पुन्हा म्हटलं. "बरोबर आहे ना? व्याकरण?"

"एकदम बरोबर," तो म्हणाला. "पण अजून एकदा म्हणा... पाठ होऊन जाईन."

मी म्हटलं. त्याने अजून एकदा म्हणायला लावलं. मग माझी सायकल बाभळीला टेकवून कुलूप लावलं. चाचांना पाठवून ती न्यायची होती. त्याने आपल्या सायकलचं कॅरियर बाहीने पुसलं.

"डबलसीट याल का?"

मी बसले. कौशल्याकाकू एव्हाना चालत तिथवर आल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आता कुठी जाऊन राहिले रे दोघं?"

"कुठीच नाही, काकू," श्याम ओरडला. थैली रिकामीच फडफडत होती.

दुसऱ्या ओढ्याच्या वळणानंतर मी त्याला थांबायला सांगितलं. तो कुरकुरला, पण थांबला. मी उतरले, खिशातून पट्टी काढली आणि 'मुदतवाढ नको' लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर नोंद केली.

रेघ: एक. खोली: एकोणीस मिलिमीटर.