शेजारच्या कार्डावरचा दहा

रायफल नेमबाजीच्या जिल्हा स्पर्धेत उतरून आराधना पाटोळेला मिळण्यासारखं होतं ते एवढंच – एक प्रमाणपत्र, जमलं तर विभागाच्या संघात जागा आणि एसटीत आदिनाथच्या शेजारची सीट. प्रमाणपत्र काय, उतरेल तिला मिळणार होतं. संघात जागा सहा होत्या. आदिनाथच्या शेजारची सीट मात्र एकच… आणि संगमनेर ते नगर अडीच तास लागतात.

तशी ती या फंदात पडली दुधापायी.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. बारीक रिपरिप चाललेली. हॉस्टेलच्या चहाला दूध नव्हतं म्हणून देवळाली प्रवराची ही मुलगी स्टीलचा डबा घेऊन निघाली आणि 'दूध संकलन केंद्र' अशी पाटी दिसल्यावर त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. आत एक मुलगा रायफलीला गाल लावून उभा होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तो मात्र असा स्थिर, की जणू त्याला कुणीतरी तिथं पुरून ठेवलाय.

"दूध आहे का?"

फट्ट! समोर दहा मीटरवर एका कार्डाच्या काळ्या गोलात भोक पडलं. तो न वळताच म्हणाला, "दूध बंद होऊन चार वर्सं झाली. छर्रे हायेत. किती देऊ?"

"अर्धा लिटर," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

तो हसला. रायफल हलली. दुसरा छर्रा गोलाच्या पार बाहेर गेला. त्यानं रायफल खाली ठेवली, तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि तिच्या डब्यात मूठभर छर्रे ओतले. खळ्ळकन आवाज झाला.

"उद्या सकाळी या. हे सगळे इथंच संपवायचे. दारातून माजा नेम बिघडवलात, आता आत येऊन स्वतःचा लावा."

त्या दिवशी हॉस्टेलवर चहा कोराच झाला.

*

त्या शेडमधला नेमबाजीचा क्लब चालवायचे वैजनाथ सर, फौजेतून निवृत्त. डब्यात छर्रे ओतणारा तो मुलगा, आदिनाथ, त्यांचा उजवा हात. हिवरे बाजारचा, शेतीच्या पदवीला शेवटच्या वर्षात, दोनदा राज्यापर्यंत जाऊन आलेला. त्याच्या गावात पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजतात. हा शेडमधल्या वस्तू तशाच मोजून वापरायचा. कार्डं बेताची होती, म्हणून भोकांवर काळे-पांढरे कागदी ठिपके चिकटवून तीच कार्डं पुन्हा लावायची, हे त्याचं काम. दहा छर्रे झाले की सगळ्यांनी रायफली खाली ठेवायच्या आणि आदिनाथनं पुढं जाऊन कार्डं बदलायची.

आराधनाचा हात उपजतच स्थिर निघाला. पहिल्याच महिन्यात तिचे छर्रे एकमेकांना खेटून पडायला लागले. सर खूश. आराधना मात्र नाही, कारण तिच्या डाव्या हाताला संस्कृती उभी राहायची.

संस्कृती संगमनेरचीच. गोरी, बोलकी, आणि नेमाच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. "दादा, माझा खांदा बघ ना." "दादा, श्वास आधी सोडू की नंतर?" "दादा, हा डोळा मिटतच नाही रे!" आणि आदिनाथ जायचा. कोपर धरून दाखवायचा, पायांखाली खडूनं रेघा मारायचा. एकदा तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं तिच्या न मिटणाऱ्या डोळ्यासाठी झापड करून दिली. झापडीवर चक्क फूल काढलेलं!

सरांचा नियम होता – प्रत्येकीनं डायरी ठेवायची. आजचे गुण, आजची चूक. आराधनानं ठेवली. शिवाय शेवटच्या पानावर, सरांनी न सांगितलेला एक हिशेब ठेवला. आदिनाथ संस्कृतीजवळ गेला की एक काडी 'सं'पुढं, आपल्याजवळ आला की एक काडी 'आ'पुढं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत 'सं' एकशे बारा. 'आ' नऊ, आणि त्यातल्या चार वेळा तो नुसता खाली पडलेली छर्ऱ्यांची डबी उचलायला आला होता. डबी दर वेळी आपोआप पडली होती असं नाही.

एके दिवशी तिनं मुद्दाम वाईट नेम मारला. दहाच्या दहा छर्रे भिंतीच्या दिशेनं. आला कोण? वैजनाथ सर. मनगट या विषयावर अर्धा तास.

तुम्ही म्हणाल, संस्कृती तर त्याला दादा म्हणायची! म्हणायची. आपल्याकडे कॉलेजातला कुणीही दोन वर्षांनी मोठा मुलगा दादाच असतो. त्या शब्दाची कुणी दखल घेत नाही; उलट तो म्हटला की वाटेल तितकं जवळ जायची मोकळीक मिळते. असं आराधनाचं मत होतं. तिनं स्वतः तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. नुसतं नाव घ्यायला जीभ रेटायची नाही. मग "ऐकता का", "अहो, जरा…", नाहीतर डबी वाजवायची.

रविवारचा सरावही मध्येच सातऐवजी सहावर आला. "सरांना काय झोपा येत नाहीत का?" संस्कृती जांभई देत म्हणाली. आराधनाला मात्र ते सोयीचंच पडलं. आवरून नऊच्या चर्चला जाता यायला लागलं. सोय कुणी केली, याची काडी कुठं मारायची तिला सुचलं नाही.

*

स्पर्धेच्या सकाळी ती बसस्टँडवर सगळ्यात आधी पोचली. केसांना नवी क्लिप. गाडीवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टर ओरडत होता, "नगर, नगर!" आराधना चढली, आदिनाथच्या शेजारी बसणार… तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, मला गाडी लागते. खिडकी दे ना."

आदिनाथ उठला, संस्कृतीला खिडकी दिली आणि तिच्या शेजारी पिशवी नि लिंबू घेऊन बसला. आराधनाला मागच्या सीटवर सर मिळाले. विषय – श्वासावर ताबा. ताबा ठेवणं अवघड होतं, कारण समोर दोन डोकी एका लिंबावर वाकलेली होती.

नगरच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. संस्कृती सात, आराधना आठ. नशिबालाही तिची चेष्टा करायची होती, दुसरं काय! चाळीस छर्रे, प्रत्येक छर्ऱ्याला नवं कार्ड, तारेवरून पुढं जाणारं आणि परत येणारं. मागं दोरी, दोरीमागं आपापली माणसं. बोलायला बंदी.

पहिले तीस छर्रे तिनं असे मारले, की शेजारच्या क्लबचे लोकही मान लांब करून बघायला लागले. आठ, नऊ, नऊ, दहा. ही मुलगी आज पहिल्या चारांत बसणार, असं सर पुटपुटले.

एकतिसाव्याला तिनं रायफल उचलली. डोळ्याच्या कडेला दिसलं – संस्कृतीनं मागं वळून बघितलंय, आणि आदिनाथ दोरीमागून तिला खुणेनं सांगतोय, छान, छान, सावकाश…

छान? सहाच तर पडलेत तिला!

आराधनानं रायफल खाली केली. पाणी प्यायली. पुन्हा उभी राहिली. पण राहताना पाय अर्धी वीत डावीकडे वळले होते, जिकडं लक्ष होतं तिकडं. रायफल उचलली की आधी वरचा नंबर बघायचा, मग काळा गोल, हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. तिनं गोल बघितला. नंबर बघितला नाही. राग असा थंड झाला होता की हात दगडासारखा स्थिर. फट्ट. बोटालाच कळलं – दहा!

कार्ड परत आलं. कोरं. एकही भोक नाही.

शेजारी संस्कृतीनं आपलं कार्ड ओढलं आणि ओरडली, "अगंबाई, दोन भोकं!"

पंच बाई आल्या. एक भोक सहाचं, एक अगदी मधोमध.

"बाई, दहा माझा नाही हो," संस्कृती काकुळतीला आली. "मला दहा पडतच नाही! हवं तर आमच्या सरांना विचारा!"

"भोकावर नाव लिहिलेलं नसतं," पंच म्हणाल्या. "कुठलं कुणाचं हे ठरवता आलं नाही, तर जास्त गुणांचं ते कार्डवालीचं. नियम आहे. नंबर आठ, चुकीच्या कार्डावर मारलंत का?"

आराधनानं रायफल खाली ठेवली. "हो. मीच मारला."

"तुम्हाला शून्य."

उरलेले नऊ छर्रे तिनं भराभर उडवले – सहा, सात, पाच. संध्याकाळी फळ्यावर आकडे लागले. सहावी – संस्कृती, तीनशे एकतीस. सातवी – आराधना, तीनशे एकोणतीस. संघ सहा जणींचा.

तो दहा जागच्या जागी पडता तर काय झालं असतं, हे गणित तिनं एकदाच केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

*

परतीच्या गाडीत संस्कृतीनं तिला धरून पुढं ढकललं. "तू बस दादाजवळ. मी मागं सरांजवळ बसते."

"तुला गाडी लागते."

"लागू दे. तुझा दहा खाल्लाय, थोडं बाहेर पडलं तरी चालेल."

अशा रीतीनं ती सीट अखेर मिळाली. पण अडीच तास नाही. आराधना घरी जाणार होती, राहुरी फॅक्टरीला उतरून. म्हणजे हातात जेमतेम एक तास, आणि त्यातली पहिली वीस मिनिटं दोघं समोरच्या सीटचं रेक्झिन बघत बसले.

"डायरी आण," तो शेवटी म्हणाला. "सर म्हनले, आजची चूक आजच लिहायची."

तिनं दिली. त्यानं भलत्याच बाजूनं उघडली.

"हे काय, क्रिकेटचा स्कोअर हाय व्हय?… सं, एकशे बारा. आ, नऊ." त्यानं पान जवळ धरलं. मग कान लाल होत गेले. "आराधना… हे मी हाय?"

"द्या इकडं!"

"थांब. हिशेब अर्धवट हाय तुजा." त्यानं डायरी उंच धरली. "सरांनी मला पयल्या महिन्यात बजावलं, जिचा हात चांगला चाललाय तिच्या आसपास फिरकायचं न्हाई, बोललं की बिघडतं. संस्कृतीचं काय बिघडायचं? जात हुतो. तुज्याकडं यायला निमित्त तरी हुतं का? तू चुकतच नव्हतीस."

"एकदा चुकले होते. मुद्दाम."

"म्हाईत हाय. सर माज्या आधी पोचले."

ती हसणार होती, पण दाबलं. "आणि झापडीवरचं फूल?"

"ते तिनं सोता काढलंय. मला फूल काढता येतं का? एकदा काढलं तर सर म्हनले, कोबी चांगला हाय." तो तिच्याकडे वळला. "आता मी विचारतो. तीन महिन्यांत तुज्यापुढं ठिपके लावलेलं जुनं कार्ड किती वेळा आलं?"

आराधनानं आठवून बघितलं. संस्कृतीचं कार्ड ठिपक्यांनी गोधडीसारखं झालेलं असायचं, सगळ्यांचंच असायचं. आपलं?… पांढरंशुभ्र. दर वेळी. पिशवीतली नवी कार्डं कमी का होत जातात, म्हणून सर एकदा ओरडलेही होते.

"एकदाही नाही," ती हळूच म्हणाली.

"आन् रविवारचा सराव सहावर कुणी आनला? तुला चर्चला पळत जाताना बघितलं, चप्पल हातात घेऊन. सरांना सांगितलं, सकाळी उजेड चांगला असतो. सहाला कसला आलाय उजेड!"

बाहेर उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. मागच्या सीटवरून संस्कृतीचा क्षीण आवाज आला – "सर… पिशवी…"

"मग बोलला का नाहीत?" आराधनानं विचारलं.

"काय बोलू? सगळ्या पोरी दादा म्हनत्यात, त्यांच्याशी काय बोलायचं ते कळतं. तू तर मला हाकच मारत न्हाईस. ऐकता का, जरा, शुक… मला वाटलं, नाव घ्यायच्याबी लायकीचा वाटत न्हाई हिला."

"तसं नाही…"

"मग कसं?"

"फॅक्टरी, फॅक्टरी! चला उतरा पटकन!" कंडक्टरनं घंटी मारली.

आराधना उठली. बॅग, डायरी, जॅकेट, सगळं एकदम उचलताना पुन्हा डबी पडली. या वेळी खरोखरच. छर्रे गाडीभर पळाले. "राहू दे, मी येचतो, तू उतर!" तो म्हणाला आणि ती धडपडत खाली आली. समोर स्कूटीजवळ आई उभी होती, मरियाबाई, शाळेत शिक्षिका. गाडी हलली. खिडकीत तो, चेहरा पडलेला.

आता नाही तर रविवारपर्यंत थांबावं लागणार. या खेपेला तिनं आधी नंबर बघितला, म्हणजे खिडकी कुणाची ते, आणि मग…

"आदिनाथ!"

अख्ख्या स्टॉपनं वळून बघितलं.

"दादा म्हणायचं नव्हतं मला! म्हणून हाक मारली नाही!… कळलं का?"

गाडी पुढं गेली. पण खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि कंडक्टर शिव्या देईपर्यंत तो आत गेला नाही.

मरियाबाईंनी स्कूटी सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर विचारलं, "कोण गं?"

"क्लबमधला."

"कितवी आलीस?"

"सातवी."

"चेहऱ्यावरून तर पहिली आल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पुढचे प्रश्न त्यांनी जेवणानंतरसाठी राखून ठेवले.

रविवारी शेड सहाला उघडली. नवं कार्ड आता संस्कृतीला, कारण विभागाला जायचं होतं. आराधनापुढं ठिपक्यांचं आलं. तिनंच मागून घेतलं होतं. सराव संपल्यावर बाकीची कार्डं घेऊन ती आदिनाथसमोर बसली. काळे ठिपके त्याच्याकडे, पांढरे तिच्याकडे. दोघांनी मिळून एक तास लावला. एकट्याला वीस मिनिटं पुरायची.

तर हिशेब असा. आराधनाचे दहा गुण गेले, संघातली जागा गेली. तिची तक्रार नाही. संस्कृतीला जागा मिळाली. खिडकी तिनं सोडली. आदिनाथचं काहीच गेलं नाही, उलट नाव मिळालं. या सगळ्याची किंमत मोजली ती एकट्या वैजनाथ सरांनी. त्या दिवशी पुढं कोल्हारच्या पुलावर संस्कृतीची पिशवी फाटली, आणि बूट त्यांचे नवे होते.